पावसाळ्यात काडतुसं सर्दावू नयेत म्हणून

पीकरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक आहे, पण मृगात कपाटात ठेवलेली काडतुसं दिवाळीनंतर तुरीच्या जागलीला काढावीत तर फुगलेली, पितळी बूड हिरवं. ती नळीत बसत नाहीत. पैसे गेले आणि परवान्यावरचा कोटाही गेला.

१. रबरी कडीचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या.

२. काडतुसं कोरड्या फडक्यानं पुसून डब्यात ठेवा. तेल अजिबात लावू नका, ते बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपतं नि बार फुसका जातो.

३. सिलिका जेलची पुरचुंडी टाका. निळे खडे मिळाले तर उत्तमच. ते गुलाबी झाले की ओल धरली समजायचं. मग फक्त खडे बाहेर काढून जुन्या कढईत निळे होईस्तोवर मंद आचेवर गरम करायचे. त्या कढईत पुन्हा फोडणी घालू नका, खडे विषारी असतात.

४. झाकणावर खरेदीचा महिना लिहा, जुनी आधी वापरा. डबा कुलपात, चुलीपासून लांब.

फुगलेलं काडतूस ठोकून बसवू नका, उन्हातही वाळवू नका. दुकानदाराला दाखवा. आणि रिकाम्या खोळी घरीच भरून पैसे वाचवायचा सल्ला पारावर कोणी ना कोणी देतंच. बाहेर देशात तो छंद असेल, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही. रानडुकरावर बार टाकायलाही वनखात्याची परवानगी आधी लागते.