रास्पबेरी पाय रेंगाळतोय? नवीन कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर; त्याची ऑपरेटिंग सिस्टीम सहसा मायक्रोएसडी कार्डावरून चालते. हा पाय अडखळू लागला की नागपूरच्या बर्डी बाजारात जायचं आणि पाकिटावर सगळ्यात मोठा आकडा असलेलं कार्ड उचलायचं, ही पहिली चूक. ‘१०० एमबी प्रति सेकंद’ हा वेग एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टीमचं काम वेगळं: शेकडो बारीक फायली, कार्डावर कुठेही विखुरलेल्या, सतत वाचायच्या आणि लिहायच्या. त्यासाठी कार्डावर ए१ हे चिन्ह बघा. सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं, एवढी त्याची हमी असते. नुसत्या ‘क्लास १०’मध्ये, म्हणजे सलग लिहिण्याच्या वेगाच्या चिन्हात, ही हमी नाही. पाय ४ किंवा त्याआधीचं मॉडेल असेल तर ए२ या वरच्या दर्जासाठी जास्त पैसे मोजू नका; ए२ चा वाढीव वेग कमांड क्यूवर, म्हणजे अनेक कामं रांगेत लावून कार्डाला एकदम देण्यावर, अवलंबून असतो आणि या बोर्डांवर ती सोय नाही.

दुसरी चूक म्हणजे न मोजताच कार्डाला दोष देणं. ‘रास्पबेरी पाय डायग्नॉस्टिक्स’ हे अ‍ॅप कार्ड ए१ च्या कसोटीला उतरतं का ते थेट सांगतं. कार्ड नवं असेल तर ‘एफ३’ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने ते पूर्ण भरून परत वाचून बघा. वेळ लागतो, पण लावाच. नकली कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि आत जागा त्याहून कितीतरी कमी निघते; दुकानदाराकडे परत न्यायचं तर हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

कार्ड पास झालं? मग रॅम बघा. १ जीबीच्या पाय ३ वर ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारा डेटा कार्डावर हलवणं, सुरू होतो आणि सगळा भार कार्डावर येतो. टॅब कमी करा, इलाज तोच.

आपल्याकडचा मे महिनाही विसरू नका. बाहेर ४५ अंश, पाय बंद डब्यात, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नाही: चिप ८० अंशांवर गेली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आळ येतो कार्डावर. मोबाइलच्या चार्जरवर चालवलं तरी तसंच होतं. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं तर आधी अडॅप्टर बदला.

कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने ठेवलेल्या नोंदींत, एमएमसीच्या (कार्डाच्या) एरर येत असतील, किंवा कार्डावर लिहिणंच बंद झालं असेल, तर मात्र वेगाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.