फ्लोरिना दर वेळी मरतेय? पेगॅसस नाइट वापरताना या चुका टाळा

फायर एम्ब्लेम हा पटावर पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम ऐकू येते, उडणारं युनिट (म्हणजे टीममधलं लढणारं पात्र) मिळालं, दोन मॅप वापरलं, एक बाण लागला आणि खेळ खल्लास. मग ते युनिट बाकावर जातं ते शेवटपर्यंत तिथंच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मते उडणारं युनिट हे अख्ख्या टीममधलं सगळ्यात कामाचं प्यादं आहे, फक्त ते मारामारीसाठी नसून पोचण्यासाठी आहे, एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रॉब्लेम तिथंच सुटतात.

उदाहरण म्हणून मी २००३ सालचा गेमबॉय अॅडव्हान्सवरचा द ब्लेझिंग ब्लेड घेतोय, २०२३ मध्ये तो स्विच ऑनलाइनवर आला त्यामुळे बरेच जण आत्ता पहिल्यांदा खेळतायत. त्यात लिन या नायिकेच्या गोष्टीत तिसऱ्या चॅप्टरला फ्लोरिना येते, ती पेगॅसस नाइट, म्हणजे पंखांच्या घोड्यावरून भाला घेऊन लढणारी. लेव्हल १, एचपी (म्हणजे जीव) १७, ताकद ५, स्पीड ९, डिफेन्स ४. आकडे बघूनच कळतं की पोरगी चपळ आहे पण अंगात काही नाही.

सगळ्यात मोठी चूक बाणांचीच, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. काही जण तिरंदाजाकडे बघतच नाहीत आणि काही जण इतके घाबरतात की मॅपवर एक जरी तिरंदाज दिसला तरी फ्लोरिनाला कोपऱ्यात लपवून ठेवतात. आधी हिशोब बघा. समजा समोरच्या तिरंदाजाची ताकद ६ आणि हातात आयर्न बो, ज्याचं माइट (हत्याराचा जोर) ६. साध्या युनिटला ६ अधिक ६ असा १२ चा मार, त्यातून डिफेन्स वजा. उडणाऱ्या युनिटला मात्र धनुष्याचं माइट वाढवून लागतं, या गेमच्या इंग्रजी आवृत्तीत दुप्पट. म्हणजे १२ अधिक ६ झाले १८, त्यातून फ्लोरिनाचा डिफेन्स ४ गेला की १४. एचपी १७ होता, उरला ३. एका बाणात ती मरत नाही पण दुसरा लागला की गेली, आणि या गेममध्ये गेलेलं युनिट लढाईत परत येत नाही. पुढच्या द सेक्रेड स्टोन्समध्ये तर माइट तिप्पट होतं, तिथं हाच हिशोब २४ वजा ४ म्हणजे २० वर जातो आणि १७ एचपीवाली पेगॅसस नाइट पहिल्याच बाणात संपते. लक्षात घ्या, वाढतं ते फक्त हत्याराचं माइट, मारणाऱ्याची ताकद वाढत नाही, त्यामुळे भारी धनुष्य हातात असलेला तिरंदाज लेव्हलने कमी असला तरी जास्त धोक्याचा.

आता भीतीचा भाग. साधा तिरंदाज पायी चालतो ५ घरं आणि त्याचा बाण जातो २ घरं, म्हणजे मोकळ्या मैदानात तो जास्तीत जास्त ७ घरांवर मार करू शकतो. फ्लोरिना ७ घरं उडते आणि शेजारच्या घरावर भाला मारते, म्हणजे तिची पोच ८. एका घराचा फरक आहे आणि तो आपल्या बाजूने आहे! टर्न संपवताना तिला तिरंदाजापासून बरोब्बर ८ घरांवर उभं करा, तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही आणि पुढच्या टर्नला पहिला वार तुमचा. शिवाय या गेममधल्या साध्या धनुष्याने शेजारच्या घरावर मारताच येत नाही, त्यामुळे तुम्ही चिकटून मारलंत तर तो उलटा वार करूच शकत नाही, नुसता उभा राहून मार खातो. पण मारायला गेलात तर तो त्याच टर्नमध्ये मेला पाहिजे, तुमच्या हातून नाहीतर पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातून, कारण जिवंत राहिला तर आपल्या टर्नला तो एक पाऊल मागं सरकणार आणि दोन घरांवरून बाण सोडणार. आणि प्लीज तिरंदाजावर जॅव्हेलिन (फेकायचा भाला) फेकू नका, दोन घरांवरून मारलंत की त्याला उलटा वार फुकट मिळतो.

हा ८ घरांचा नियम एका ठिकाणी साफ फसतो आणि तिथं मी स्वतः फसलोय. घोड्यावरचे तिरंदाज, ज्यांना गेममध्ये नोमॅड म्हणतात, ते ७ घरं पळतात आणि वर २ घरांचा बाण, म्हणजे ९. मी सवयीने ८ मोजून निवांत टर्न संपवला, चॅप्टर संपत आला होता, फ्लोरिना लेव्हल ९ ला होती, आणि दोन नोमॅड एकामागून एक आले. चाळीस मिनिटांचा मॅप पहिल्यापासून खेळलो. तेव्हापासून धनुष्य दिसलं की आधी तो पायी आहे की घोड्यावर ते बघतो, आणि शत्रूवर कर्सर नेऊन ए दाबलं की त्याची रेंज पटावर रंगवून दिसते, ते दर टर्नला करतो. बॅलिस्टा (एका जागी बसवलेलं मोठं धनुष्य) असेल तर अजून सावध, साधा बॅलिस्टा ३ ते १० घरं आणि आयर्न बॅलिस्टा १५ घरांपर्यंत मारतो, तिथं मोजामोजी न करता आधी दुसऱ्या कोणाकडून तो बंद करून घ्या.

दुसरी चूक हत्याराची, आणि ही जास्त लपलेली असते, कारण लोकांना वाटतं युनिटच फालतू आहे. फ्लोरिनाचं कॉन्स्टिट्यूशन (अंगकाठीचा आकडा) फक्त ४. हत्याराचं वजन त्यापेक्षा जितकं जास्त तितका स्पीड कमी होतो. तिच्याकडे सुरुवातीला स्लिम लान्स (हलका भाला) असतो, वजन ४, म्हणजे स्पीड पूर्ण ९. आयर्न लान्स दिलात, वजन ८, स्पीड ५. जॅव्हेलिनचं वजन ११, स्पीड २! या गेममध्ये समोरच्यापेक्षा स्पीड ४ ने जास्त असला की दोनदा वार करता येतो, म्हणजे जॅव्हेलिन हातात घेतलेल्या फ्लोरिनाला स्पीड ६ चा कुठलाही ऐरागैरा दोनदा मारून जातो. स्लिम लान्सने मार कमी बसतो हे खरंय, पण दोनदा बसतो आणि मुख्य म्हणजे ती वार चुकवते, आणि या अंगकाठीच्या युनिटचं चिलखत म्हणजे तिचा स्पीडच. बॉडी रिंग मिळाली तर कॉन्स्टिट्यूशन २ ने वाढतं, मी ती दर वेळी हिलाच देतो. एंजेलिक रोबचे ७ एचपी पण हिलाच, १७ चे २४ झाले की मघाचा १४ चा बाण खाऊनही १० उरतात. डिफेन्स लेव्हलअपला वाढेल या आशेवर थांबू नका, तिचा डिफेन्स वाढायची शक्यता १५ टक्के आहे.

कुऱ्हाडवाल्यांवर तिला सोडणं ही तिसरी. सुरुवातीचे मॅप दरोडेखोरांनी भरलेले, सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी, आणि कुऱ्हाड भाल्याला भारी पडते, तुमचा नेम १५ ने कमी आणि त्याचा १५ ने जास्त. त्यांच्यासाठी लिनची तलवार आहेच की. फ्लोरिनाला द्या तलवारवाले आणि जादूगार, जादूगारांचा डिफेन्स पातळ असतो आणि पेगॅसस नाइटचा रेझिस्टन्स (जादूपासूनचा बचाव) पुढं चांगला वाढतो. वायव्हर्नवाल्या (ड्रॅगनसारख्या प्राण्यावर बसणाऱ्या) युनिटचं याच्या उलट, कातडी जाड, अंगकाठी दणकट, भाले जड झाले तरी चालतं, पण जादूपुढं ढिले, आणि बाणाची भीती त्यांनाही तेवढीच.

मग ही करते काय? उचलून नेते! रेस्क्यू, म्हणजे आपलं युनिट उचलून घेणं, हा पर्याय लोक मरायला टेकलेलं युनिट वाचवायला ठेवतात, खरं तर तो वाहतुकीसाठी आहे. फ्लोरिनाची उचलायची ताकद, म्हणजे एड, १६ आहे, हेक्टरसारखा चिलखतवाला, कॉन्स्टिट्यूशन १३, तोसुद्धा ती उचलते आणि डोंगरापलीकडे नेऊन ठेवते, जिथं पायी जायला चार टर्न गेले असते. उचलल्यावर उरलेली घरं तिला पुढं उडता येतात, वार केल्यावर मात्र नाही. चूक होते ती उचललेल्या अवस्थेत शत्रूजवळ टर्न संपवण्याची, कारण ओझं असताना स्पीड आणि स्किल दोन्ही निम्मं होतं, ९ चं ४. म्हणून टर्न संपताना ती शत्रूच्या रेंजबाहेरच हवी, आणि जिथं उतरवायचंय तिथं जवळ आपलं दुसरं घोड्यावरचं युनिट असेल तर ओझं त्याच्याकडे देऊन त्याच टर्नला खाली उतरवता येतं.

जंगल आणि डोंगरावर उभी केली की ती लपते असं समजू नका, उडणाऱ्याला जमिनीचा आडोसा मिळत नाही. धुक्याच्या मॅपवर तिला पुढं पाठवायचा मोह होतो, पण तिला दिसतात ३ घरं आणि ती उडते ७, म्हणजे न दिसणाऱ्या तिरंदाजाच्या अंगावर जाऊन पडायची सोय. किल्ल्याच्या आतल्या मॅपवर भिंती तिलाही आडव्या येतात, तिथं तिला आराम दिला तरी चालेल.

सिरीजमधले नवे गेम खेळत असाल तर थोडे नियम बदलतात. अवेकनिंगमध्ये वाऱ्याची जादूसुद्धा उडणाऱ्यांना जास्त लागते. थ्री हाउसेसमध्ये वार करून परत मागं उडता येतं आणि गरज पडली तर खाली उतरून पायीही लढता येतं, त्यामुळे तिथं उडणारी युनिट बरीच बिनधास्त वापरता येतात.

ब्लेझिंग ब्लेडमध्ये मात्र लेव्हल १० पर्यंत धीर धरावा लागतो. तेव्हा एलिसियन व्हिप ही वस्तू वापरून तिला फाल्कोनाइट (पेगॅसस नाइटच्या वरचा दर्जा) करा, मूव्ह ८ होते आणि हातात तलवार येते. तोपर्यंत डेल्फी शील्ड हाती लागली तर ती तिच्या सामानात ठेवा, बाणाचा जादा मारच बंद होतो. मग ज्या कुऱ्हाडवाल्यांपासून तिला इतके दिवस लांब ठेवलं त्यांच्यावर तिला सोडा, हलकी तलवार देऊन.