प्लास्टिसोलमधील फ्लुरोसंट रंग फिका पडू नये म्हणून

व्हिनाइल प्लास्टिसोलच्या (प्लास्टिसायझर या द्रवात कालवलेल्या व्हिनाइल रेझिनच्या, तापवल्यावर घट्ट होणाऱ्या मिश्रणाच्या) लेपात फ्लुरोसंट पिगमेंट (झळाळत्या रंगाची पूड) घातल्यावर रंग अपेक्षेइतका झळाळत नसेल, तर पिगमेंटचे प्रमाण वाढवण्यापूर्वी मिश्रणात टायटॅनियम डायऑक्साइड आहे का, हे पाहावे. झाकणशक्तीसाठी (खालचा पृष्ठभाग दिसू नये म्हणून) घातलेला हा पांढरा रंग अतिनील किरण शोषून घेतो आणि झळाळी कमी करतो. म्हणून पांढरा रंग मिश्रणात न घालता त्याचा वेगळा थर खाली द्यावा, त्याला तापवून अर्धवट जेल होऊ (घट्ट होऊ) द्यावे आणि त्यावर पांढऱ्याविना केलेला फ्लुरोसंट थर चढवावा. माझ्या मते एवढ्या एका बदलाने सर्वाधिक फरक पडतो.

पिगमेंट कोरडे टाकू नये. प्लास्टिसायझरचा (मिश्रणातील द्रवाचा) थोडा भाग बाजूला काढून त्यात ते मंद गतीने कालवून गुठळ्याविरहित पेस्ट करावी आणि रेझिन, स्टॅबिलायझर व फिलर पूर्ण मिसळल्यानंतर अगदी शेवटी घालावी. या पिगमेंटचे कण म्हणजे रंग (डाय) विरघळवलेले रेझिनच असते, त्यामुळे जोरकस घुसळणीने व तापण्याने ते मऊ पडतात; तीन-रोल मिल (तीन रूळांमध्ये पेस्ट दाबून घोटणारे यंत्र) टाळलेलीच बरी. भट्टीतही फ्यूज होण्यास (लेप वितळून एकसंध होण्यास) लागेल तेवढाच वेळ ठेवावे.

सावधगिरी एकच: थर्मोप्लास्टिक (उष्णतेने मऊ होणाऱ्या) प्रकारचे पिगमेंट प्लास्टिसायझरमध्ये फुगून मिश्रण घट्ट करू शकते व रंग बाहेर झिरपू शकतो, म्हणून थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर न वितळणारा) प्रकार निवडावा आणि तरीही नमुना २४ तास ठेवून दाटपणा (व्हिस्कॉसिटी) पुन्हा मोजावा.