चाईचा पेशंट आणि सॉल्ट स्कोअर: डर्मात (त्वचारोग विभागात) नवीन आलेल्यांसाठी

रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात मी चाईच्या (म्हणजे ठिकठिकाणी चट्टे पडून केस जाण्याच्या आजाराच्या) पेशंटच्या पेपरवर सरळ "दोन-तीन पॅच" असं लिहून मोकळी व्हायचे, आणि पेशंट तीन महिन्यांनी फॉलोअपला आला की वाढलंय का कमी झालंय हे मलाच कळायचं नाही. म्हणून सॉल्ट स्कोअर, म्हणजे डोक्यावरचे एकूण किती टक्के केस गेलेत ते सांगणारा आकडा, पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

डोक्याचे चार भाग धरायचे. वरचा भाग 40 टक्के, मागचा 24, दोन्ही बाजू प्रत्येकी 18. प्रत्येक भागात किती टक्के केस गेलेत ते बघायचं, त्या भागाच्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. समजा मागचे निम्मे गेले तर 12, दोन्ही बाजूंचे निम्मे गेले तर 9 आणि 9, झाले 30. इथे सगळे चुकतात बघा, मागच्या भागाचे 50 टक्के म्हणजे अख्ख्या डोक्याचे 50 टक्के समजून तसंच लिहून टाकतात! आणि हा पेशंट समोरून बघितलात तर केस भरगच्च दिसतात, पण कडेकडेने पट्टा गेलेला असतो, त्याला ओफायसिस म्हणतात, आणि तो उपचारांना दाद द्यायला जरा हट्टी असतो. त्यामुळे मान खाली घालायला सांगा, केस वर उचलून बघा, चारही बाजूंचे फोटो काढा.

20 पर्यंत माइल्ड, 21 ते 49 मॉडरेट, 50 आणि त्यापुढे सिव्हिअर. बॅरिसिटिनिब या चाईवरच्या औषधाच्या मोठ्या ट्रायल्समध्येही 50 किंवा जास्त स्कोअरवालेच घेतले होते आणि 20 किंवा खाली आला तर यश धरलं होतं, म्हणजे हे आकडे नुसते परीक्षेपुरते नाहीत.

पण एकदा मी एका बाईंना 12 स्कोअर काढून माइल्ड लिहिलं. सिनिअरनी त्यांना विचारलं, "भुवया पेन्सिलने काढता का हो?" त्या हो म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मी भुवयांकडे बघितलंच नव्हतं. भुवया-पापण्या ठळकपणे गेल्या असतील, पेशंट मनाने खचला असेल, सहा महिने उपचार करूनही फरक नसेल, किंवा डोक्यावर ठिकठिकाणी केस ओढून बघितल्यावर सहज हातात येत असतील, तर ग्रेड एक पायरी वर न्यायची. माइल्ड खोडून मॉडरेट लिहिलं.

नखं पण बघा, बारीक खड्डे असू शकतात.