गळाच्या रॉडसाठी स्टँड: निवड आणि मांडणी

रॉडचा स्टँड विकत घेण्यापूर्वी आपण बहुतेक वेळा कोणत्या काठावर बसणार आहोत, हे ठरवावे. पानशेत, मुळशी, पवना, भाटघर यांपैकी कोणत्याही धरणाचा काठ वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळा संपताना पाणी मुरमाड, गवताळ उतारापर्यंत आलेले असते. उन्हाळ्यात ते बरेच खाली उतरते आणि मधल्या पट्ट्यात कुठे गाळ, तर कुठे उघडा कातळ लागतो. त्यामुळे ऑक्टोबरात उत्तम वाटलेला स्टँड मे महिन्यात कुचकामी ठरू शकतो. (बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, परवानगीची चौकशी स्टँडच्याही आधी करावी.)

मुरमाड जमिनीत एका रॉडसाठी जमिनीत ठोकायची टोकदार सळई पुरते. ती किमान वीतभर आत जावी आणि मग हाताने आडवी हलवून पाहावी. जराही डुलली तर जागा बदलावी. गाळ मात्र फसवा असतो. वरची साय वाळून भेगाळलेली दिसते, पण खाली चिखल ओलाच असतो आणि घट्ट वाटलेली सळई तासाभरात पाण्याकडे कलू लागते. अशा ठिकाणी लांब सळई घ्यावी आणि ती किंचित मागे झुकवून रोवावी. कातळावर सळईचा उपयोगच नाही. तिथे तीन किंवा चार पायांचा स्टँड हवा. बाजारातले असे स्टँड अॅल्युमिनियमचे आणि हलके असतात, आणि दुपारच्या वाऱ्यात ते रॉडसकट आडवे होतात. त्यावर उपाय सोपा आहे: पिशवीत दगड भरून ती स्टँडच्या मधल्या दांड्याला लटकवावी.

पीव्हीसी पाइपचा तुकडा खाली तिरका कापून जमिनीत रोवण्याची पद्धतही आहे. ती स्वस्त आहे आणि त्यासाठी लागणारे सामान पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात मिळून जाते. तरीही मोठ्या माशासाठी मी पाइपची शिफारस करणार नाही. मासा जोर लावतो तेव्हा रॉडची मूठ पाइपच्या कडेला दाबली जाते, आणि नेमक्या घाईच्या क्षणी ती सरळ वर उपसून काढावी लागते. चिलापीसारख्या लहान माशांपुरता पाइप ठीक आहे.

मांडणीत दोन आधार असतात. पुढचा आधार इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा असतो. त्याच्या तळाशी खाच असलेलाच घ्यावा, म्हणजे रॉडच्या वजनाखाली तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) दबत नाही आणि मोकळा सरकतो. हा आधार रॉडच्या कडीला (जिच्यातून तंगूस ओवलेला असतो) चिकटून ठेवू नये, नाहीतर रॉड उचलताना कडी त्यात अडकते. मागच्या आधाराने मूठ पकडून ठेवली पाहिजे, कारण रोहू, कटला किंवा महासीर आमिष घेऊन धावला आणि रीलचा ब्रेक आवळलेला असला, तर रॉड पुढच्या आधारावरून घसरत थेट पाण्यात जातो. म्हणून रॉड स्टँडवर ठेवताच ब्रेक सैल करावा किंवा रीलला मोकळ्या फिरकीची कळ असल्यास ती लावावी. मुठीला दोरी बांधून ती सळईला अडकवणे दिसायला गबाळे असले, तरी शहाणपणाचे आहे.

रॉडचे टोक तंगूस ज्या दिशेने पाण्यात गेला आहे त्याच दिशेला, जवळजवळ आडवे ठेवावे, म्हणजे मासा ओढू लागताच तंगूस अडथळ्याशिवाय सुटतो. टोकाला घंटी लावून टोकाच्या हालचालीवर लक्ष ठेवणार असाल, तर टोक वर ठेवावे. मात्र वारा असेल तेव्हा घंटी विनाकारण वाजते. दोन रॉड असल्यास त्यांच्यात हातभर अंतर ठेवावे. मासा लागल्यावर आधी ब्रेक आवळावा आणि मग रॉड पुढे न ओढता वर उचलावा.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग जमताना दिसले आणि गडगडाट ऐकू आला, की रॉड स्टँडवरून काढून आडवे ठेवावेत आणि पाण्यापासून दूर जावे. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि उघड्या काठावर उभे असलेले उंच टोक वीज पडण्याचा धोका वाढवते. विजेच्या तारांखालीही स्टँड कधीच लावू नये. घरी आल्यावर पायांच्या आट्यांमधला गाळ जुन्या टूथब्रशने धुऊन काढावा. तो वाळून बसला, तर पाय पुढच्या वेळी उघडत नाहीत.