अल्कोहोलच्या निर्जलीकरणात कोणते अल्कीन मिळेल, हे कसे ओळखावे

निर्जलीकरणाचा (अल्कोहोलच्या रेणूतून पाणी काढून अल्कीन, म्हणजे कार्बन-कार्बन द्विबंध असलेले संयुग, मिळवण्याचा) प्रश्न आला की अनेक विद्यार्थी सूत्रातून पाण्याचा एक रेणू वजा करून मोकळे होतात. पण द्विबंध नेमका कोठे येईल, हे त्या वजाबाकीतून कळत नाही. त्यासाठी पाणी निघून गेल्यावर मागे काय उरते, ते आधी काढून पाहावे.

प्रथम हायड्रॉक्सिल (-OH) गट असलेला कार्बन प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक (म्हणजे त्याला आणखी एक, दोन की तीन कार्बन जोडलेले आहेत) हे ठरवावे, कारण अभिक्रिया किती सहज होईल हे त्यावर अवलंबून असते: इथेनॉलला संहत सल्फ्युरिक आम्ल आणि ४४३ केल्विन तापमान लागते, तर तृतीयक ब्युटाइल अल्कोहोलला २० टक्के फॉस्फोरिक आम्ल व ३५८ केल्विन पुरतात. इथेनॉलचे तापमान ४१३ केल्विनच ठेवले, तर दोन रेणूंमधून मिळून पाण्याचा एक रेणू निघतो आणि मुख्यतः डायइथिल ईथर मिळते. म्हणून तापमान वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

द्वितीयक किंवा तृतीयक अल्कोहोल असेल, तर ऑक्सिजनला प्रोटॉन जोडावा (हायड्रॉक्साइड सहजी निघत नाही, पाणी निघते), पाणी काढावे आणि उरलेला कार्बोकॅटायन (धनप्रभारित कार्बन असलेला आयन) कागदावर मांडावा. ही पायरी मनातल्या मनात उरकू नये, कारण चुका येथेच होतात. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन किंवा मेथिल गट इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह सरकल्यास अधिक स्थिर कार्बोकॅटायन तयार होतो का, हे तपासावे. ३,३-डायमेथिलब्युटान-२-ऑलमध्ये प्रथम द्वितीयक कार्बोकॅटायन तयार होतो, मेथिल गट सरकताच तो तृतीयक होतो आणि मुख्य उत्पादित म्हणून २,३-डायमेथिलब्युट-२-ईन मिळते; म्हणजे कार्बनचा सांगाडाच बदलतो.

आता धनप्रभारित कार्बनच्या शेजारून प्रोटॉन काढावा. पर्याय एकाहून अधिक असतील, तर सेट्झेफच्या नियमानुसार ज्या द्विबंधावर अल्किल गट (मेथिलसारखे कार्बन-हायड्रोजनचे गट) जास्त, ते अल्कीन मुख्य मानावे. ब्युटान-२-ऑलपासून म्हणूनच ब्युट-२-ईन अधिक मिळते, आणि त्यातही ट्रान्स रूप (दोन मेथिल गट द्विबंधाच्या विरुद्ध बाजूंना असलेले).

प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: ही अभिक्रिया उत्क्रमी (उलट दिशेनेही होणारी) असल्याने तयार झालेले अल्कीन ऊर्ध्वपातनाने सतत बाहेर काढावे. सायक्लोहेक्झीन ८३ अंश सेल्सिअसला उकळते, तर सायक्लोहेक्झॅनॉल १६१ अंशांना, त्यामुळे हे वेगळे करणे सोपे जाते. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र वापरू नये, कारण क्लोराइड आयन कार्बोकॅटायनला जोडला जाऊन अल्किल क्लोराइड तयार होऊ शकते.