बदकाची पिल्लं आणताय? निदान या चुका तरी करू नका

बदकाच्या पिल्लांवरून मला फोन येतात ते दोनच प्रकारचे. पहिला, पिल्लं आणल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी: "पिल्लू गार पडलंय, मान टाकलीये." दुसरा तिसऱ्या आठवड्यात: "एक पिल्लू चालतच नाही, नुसतं बसून असतं." पहिल्याला मी विचारते, "टबात सोडलं होतं का?" दुसऱ्याला विचारते, "खाद्य कोंबडीचं चालू आहे का?" पलीकडे जरा वेळ शांतता असते आणि मग "हो" येतं. इतक्या वर्षांत एकदाही "नाही" आलेलं नाही.

टबाची घाई

"बदकाला पोहायला शिकवावं लागतं का?" असं लोक मला ऐकवतात. नाही लागत. पिल्लाला पोहता येतंच, त्याला कोरडं राहता येत नाही. मोठ्या बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीने पिसांना चोळत राहतं, म्हणून पाणी अंगात शिरत नाही. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते, आणि ती ग्रंथी सुरुवातीचे काही आठवडे पुरती कामाला लागलेली नसते. आईजवळ वाढणारं पिल्लू पाण्यातून आलं की तिच्या पंखाखाली शिरतं. तिथे त्याला ऊब मिळते आणि तिच्या पिसांचं तेलही लागतं. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पहिली पिल्लं पाच होती. चौथ्या दिवशी मी कपड्यांच्या टबात वीतभर पाणी भरलं, पाचही सोडली आणि व्हिडिओ काढला. तो अजून माझ्याकडे आहे. पहिल्या मिनिटाला पिल्लं बुचासारखी वर तरंगतायत. दुसऱ्या मिनिटाला शेपट्या पाण्याला टेकल्यात आणि मागून माझं हसणं ऐकू येतंय. पाचव्या मिनिटाला एक पिल्लू टबाच्या कडेला चोच घासत गोल गोल फिरतंय. तेव्हा मला वाटलं, खेळतंय. ते बाहेर पडायला जागा शोधत होतं आणि प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कडेवर त्याचे पाय ठरत नव्हते. घरच्या ग्रुपवर त्या व्हिडिओला धडाधड बदाम आले. मी ते बघेपर्यंत त्याची मान पाण्याला टेकली होती. टॉवेलने पुसलं, बल्बखाली धरलं, अर्धी रात्र ओंजळीत घेऊन बसले. सकाळी चारच उरली.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला आठवडा पोहणं बंद म्हणजे बंद. पाण्याचं भांडं मात्र अगदी उथळही नको. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडली पाहिजे, नाहीतर नाकपुड्यांत खाद्य अडकतं आणि डोळे चिकटतात. पिल्लू आत जाऊन बसू नये म्हणून मी भांड्यात मोठे गोटे टाकते. दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाणी, पाय तळाला टेकतील इतकंच, बाहेर यायला उतार म्हणून एक वीट, आणि पाच मिनिटं. लगेच कोरडं करून उबेला. पूर्ण पिसं यायला सात-आठ आठवडे लागतात, तोवर नजर हटवायची नाही. पिल्लू गारठलंच तर आधी कोरडं करा, मग ऊब द्या. चोच उघडून पाणी ओतू नका, ते सरळ फुप्फुसात जातं.

"आळशी आहे हो ते"

बसून राहणारं पिल्लू आळशी नसतं. बदकाचं पिल्लू जागं असलं की सारखं काहीतरी उचकत असतं. ते बसून खायला लागलं, दोन पावलं टाकून टेकलं, घोटे सुजले किंवा पाय धनुष्यासारखे वाकले, तर पहिला संशय नायसिनचा घ्या. हे बी गटातलं जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण 30 ते 35 मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 लागतं. ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून नायसिन बनवायचं काम बदकाच्या शरीराला फारसं जमत नाही, म्हणून ते खाण्यातूनच द्यावं लागतं. त्यामुळे "कोंबडीचं चालतं की, दोन्ही पक्षीच" हे अर्धंच खरं आहे. चालतं, पण वर भर घालावी लागते.

नायसिनसाठी मी वाटीभर खाद्यात मोठा चमचाभर ब्रूअर्स यीस्ट (बिअरसाठी वापरतात ते) मिसळते, पहिल्या दिवसापासून, पाय बिघडायची वाट न बघता. पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते घालू नका. एकाने घातलं आणि मलाच विचारलं, "फरक का पडेना?" पाय आधीच वाकले असतील तर यीस्टवर विसंबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून नायसिनचं प्रमाण ठरवून घ्या. लवकर दिलं तर पिल्लू काही दिवसांत उठून चालायला लागतं. दोन आठवडे "बघू, होईल बरं" करत काढले तर पाय तसेच राहतात, मग कितीही यीस्ट घाला.

खाद्य औषध घातलेलं नको. पहिले दोन आठवडे 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं, मग 16 ते 18 वर उतरा. "लवकर वाढू दे" म्हणून जास्त प्रथिनं चारत राहणाऱ्यांच्या बदकांचे पंख मनगटाशी बाहेर वळलेले मी पाहिलेत. वाढ कोणासाठी लवकर हवी असते, देव जाणे.

बाकीच्या चुका भराभर

वर्तमानपत्र अंथरू नका. पाय घसरून दोन दिशांना फाकतात. सुरुवातीला खडबडीत रबरी मॅट किंवा जुना टॉवेल, मग लाकडाचा भुसा. ओला झाला की त्याच दिवशी बदला, आणि तो रोज ओला होणारच.

ऊब पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. एकावर एक चढून ओरडत असली तर थंडी वाजतेय, चोच उघडून लांब पडली असली तर उकडतंय. बल्ब दोन ठिकाणी बांधा. तो सुटून कोरड्या भुशात पडला तर पिल्लांसकट घर जाईल.

पाणी नसेल तेव्हा खाद्यही उचला. कोरडं खाद्य घशात अडकतं.

पाव देऊ नका. पोट भरतं आणि पोषण काही होत नाही.

बुरशीचा वास येणारं खाद्य "थोडंसंच आहे" म्हणून संपवू नका. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने टर्कीची लाखभर पिल्लं मेली, बदकाचीही मेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला, आणि या विषाला बदकाचं पिल्लू फारच हळवं आहे.

हाताळून झालं की साबणाने हात धुवा. पिल्लाचे मुके घेणं बंद. पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू तुमचं प्रेम बघत नाही.

माणसाळवायची घाई

"एकच आणलं, म्हणजे माझ्याशी जास्त जुळेल." हे ऐकलं की माझं डोकं उठतं. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसाच्या आत जे हलताना दिसेल त्याच्या मागे पिल्लू लागतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेंत्स यांच्यामागे हंसांची पिल्लं चालत, ते हेच. पण तुमच्यामागे धावणारं एकटं पिल्लू तुम्ही अंघोळीला गेलात तरी जिवाच्या आकांताने ओरडतं. त्यात लाड कमी आणि धास्ती जास्त. दोन आणा, तीन असली तर उत्तम. माणसाळतात तीही, फक्त तुम्हाला थोडं बसावं लागतं.

आणि बसायचं म्हणजे खरंच बसायचं, जमिनीवर. वरून येणारा हात म्हणजे घार, हे पिल्लाला कोणी शिकवावं लागत नाही. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कोपऱ्यात कोंडून वरून उचललंत, तर आठवड्याची मेहनत गेली. मी रोज दोन वेळा पंधरा मिनिटं तळहात उपडा करून जमिनीवर ठेवते आणि गप्प राहते. शेजारी उथळ ताटलीत पाणी आणि त्यात मऊ मटारचे बारीक तुकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक धीट पिल्लू बोट चावून बघतं, बाकीची त्याचं बघून येतात. मटार सुरू केलात तर बारीक खडीही ठेवा, दात नसलेल्या प्राण्याला दळायला काहीतरी हवं. उचलायचं ते बाजूने, दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन. पंख किंवा पाय धरून कधीच नाही.

नावं ठेवायला मात्र थांबा. सहा ते आठ आठवड्यांत आवाज फुटतो. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी, घसा बसल्यासारखा घोगरा बोलतो तो नर. मस्कोव्ही जातीच्या बदकांना हे लागू नाही. पुढे नराच्या शेपटीवर वळलेलं पीस येतं. एका नरामागे तीन-चार माद्या नसतील तर तो असलेल्या मादीची मान सोलून काढतो, म्हणून हे लवकर कळलेलं बरं. माझ्याकडची राणी, ठमी आणि सोनू ही तिन्ही नर निघाली. तिघांसाठी वेगळं खुराडं बांधावं लागलं, नावं तीच राहिली.